परतीच्या प्रवासाचे गणित

परदेशी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या दिवसाच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते. न्याहारीनंतर विमानतळाकडे प्रयाण, मुंबईत आगमन, सहलीची सांगता. आधीच्या अकरा दिवसांत कोणता मनोरा, कोणते संग्रहालय, कुठे जेवण, याचा तपशील पानभर असतो. स्वतःच आखणी करून निघालेली जोडपीही याला अपवाद नसतात. जाण्याचे विमान, हॉटेले, रेल्वेची आरक्षणे यांवर महिनोन्‌महिने खल होतो. परतीचे तिकीट मात्र ‘त्यातल्या त्यात स्वस्त’ या एकाच निकषावर काढले जाते. वास्तविक येण्याचा प्रवास ही जाण्याच्या प्रवासाची उलटी आवृत्ती नव्हे. त्याला लागू होणारे कायदे वेगळे, त्याचा शरीरावर होणारा परिणाम वेगळा आणि त्यात पैसे गमावण्याच्या जागाही वेगळ्या. मराठी पर्यटकांच्या आवडीच्या युरोप-मुंबई मार्गाचेच उदाहरण घेऊन हे गणित मांडता येईल.

प्रथम वेळेचे कोडे. युरोपहून येणारी इतकी विमाने मुंबईत मध्यरात्रीच्या आसपासच का उतरतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. पॅरिस किंवा फ्रँकफर्टहून सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान निघालेले विमान साडेआठ-नऊ तास उडते. भारताचे घड्याळ तिथल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते. बेरीज केली की रात्रीचे अकरा ते अडीच होतात. तेच विमान थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा पश्चिमेकडे निघते आणि सकाळी युरोपात पोहोचते. तिथून पुढच्या शहरांची जोडविमाने सुटण्याची वेळ तीच असते. शिवाय अनेक युरोपीय विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांवर निर्बंध आहेत. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणे होत नाहीत. तेव्हा मुंबईची मध्यरात्र ही युरोपच्या सोयीतून आलेली आहे.

या मध्यरात्रीतून तारखेचा घोळ निर्माण होतो. आखाती शहरांतून मुंबईकडे येणारी बरीच विमाने रात्री बारानंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००.३५ असेल, तर विमानतळावर १४ च्या रात्रीच हजर राहावे लागते. १५ तारखेला दिवसभर खरेदी करून रात्री विमानतळ गाठणाऱ्यांचे विमान आदल्याच रात्री गेलेले असते. दुसरा सापळा मार्च आणि ऑक्टोबरचा. या दोन्ही महिन्यांच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपातील घड्याळे एक तास पुढे वा मागे केली जातात. मार्चमधील त्या रविवारी सकाळचे विमान असेल, तर झोपेतला आणि हाताशी असलेल्या वेळातला एक तास नाहीसा होतो. मोबाइल आपोआप वेळ बदलतो. मनगटावरचे घड्याळ बदलत नाही.

त्याहून महागात पडणारी गोष्ट म्हणजे परतीचे शहर. पॅरिसला उतरायचे, स्वित्झर्लंड पाहायचे, रेल्वेने लंडनला जायचे आणि पुन्हा पॅरिसहून मुंबईचे विमान पकडायचे, असा बेत नकाशावर सुंदर दिसतो. पण शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर लंडनला जाण्यासाठी पॅरिस सोडल्याक्षणी तो संपतो. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही. त्यामुळे हाती ब्रिटनचा व्हिसा आणि परतीचे पक्के तिकीट असूनही पॅरिसला परतता येत नाही. अशा वेळी लंडनहूनच मुंबईचे तिकीट घ्यावे किंवा मुळातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळाला आहे की नाही हे पाहूनच बेत आखावा. याची उलट बाजूही आहे. रोमहून लंडनमार्गे मुंबई असे तिकीट स्वस्त दिसले, तरी भारतीय पासपोर्टधारकाला लंडनच्या विमानतळावर केवळ विमान बदलण्यासाठीही सर्वसाधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि शेंगेनचा पर्यटक व्हिसा त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता कायद्याकडे वळू. युरोपीय महासंघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम फेब्रुवारी २००५ पासून अमलात आहे. विमान रद्द होणे, जागा नाकारली जाणे आणि, युरोपीय न्यायालयाच्या २००९ मधील निकालानंतर, तीन तास वा अधिक उशिराने पोहोचणे यासाठी प्रवाशाला रोख भरपाई मागण्याचा हक्क या नियमाने मिळतो. साडेतीन हजार किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला ही रक्कम माणशी ६०० युरो आहे. उशीर तीन ते चार तासांचा असेल, तर ती निम्मी करता येते. मुंबईचे युरोपपासूनचे अंतर याहून कितीतरी अधिक असल्याने आपल्याला हीच श्रेणी लागू होते.

या नियमाचा गाभा त्याच्या व्याप्तीत आहे. महासंघातील विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला तो लागू होतो, मग कंपनी युरोपीय असो, भारतीय असो वा आखाती. महासंघाकडे येणाऱ्या विमानांच्या बाबतीत मात्र तो केवळ युरोपीय कंपन्यांनाच बांधतो. म्हणजे एखादे जोडपे भारतीय कंपनीच्या विमानाने मुंबईहून पॅरिसला पाच तास उशिरा पोहोचले, तर त्यांना या नियमाखाली काहीही मिळणार नाही. त्याच कंपनीच्या विमानाने पॅरिसहून मुंबईला येताना तेवढाच उशीर झाला, तर दोघांचे मिळून १,२०० युरो मागता येतात. एकच तिकीट, एकच कंपनी. फरक केवळ दिशेचा.

जाणे आणि येणे यांना कायदा दोन स्वतंत्र प्रवास मानतो, हे न्यायालयानेही स्पष्ट केले आहे. जर्मनीहून एमिरेट्सच्या विमानाने मनिलाला गेलेल्या एका प्रवाशाचे परतीचे विमान २००६ मध्ये रद्द झाले. प्रवासाची सुरुवात जर्मनीत झाली असल्याने परतीलाही युरोपीय नियम लागू व्हावा, असे त्याचे म्हणणे होते. युरोपीय न्यायालयाने जुलै २००८ मध्ये ते फेटाळले. तिकीट एकत्र काढले म्हणून जाण्या-येण्याचे एकच उड्डाण होत नाही, असा निर्वाळा दिला. त्या प्रवाशाचे ज्या तत्त्वाने नुकसान झाले, त्याच तत्त्वाचा भारतातून जाणाऱ्याला परतीच्या वाटेवर फायदा होतो. गंमत आहे खरी.

जोडविमानांच्या बाबतीत २०१८ चा निकाल आपल्या उपयोगाचा आहे. बर्लिनहून कासाब्लांकामार्गे आगादीरला जाणाऱ्या प्रवाशाचे दुसरे विमान महासंघाबाहेर चुकले होते. दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षणात असतील, तर ती संपूर्ण वाटचाल महासंघातून सुटलेला एकच प्रवास धरावी, असे न्यायालयाने ठरवले. पॅरिस-दुबई-मुंबई अशा एकाच आरक्षणात पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुबईचे विमान चुकले, तर मुंबईत पोहोचण्याचा उशीर मोजला जातो. पॅरिस-दुबई एका कंपनीचे आणि दुबई-मुंबई दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन वेगळी तिकिटे काढून चार-पाच हजार रुपये वाचवणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. त्याचे दुसरे विमान चुकले, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो केवळ वेळेवर न आलेला प्रवासी ठरतो आणि नवे तिकीट स्वतःच्या खिशातून काढतो. सहलीच्या शेवटी, कार्डावरची मर्यादा संपत आलेली असताना हा फटका बसतो.

अर्थात ही भरपाई सरसकट नाही. वादळ, हवाई क्षेत्र बंद होणे अशा असाधारण परिस्थितीत कंपनी रोख रकमेतून सुटते. २३ जून २०२५ रोजी कतारने काही तासांसाठी आपले आकाश बंद केले, तेव्हा दोहामार्गे जाणाऱ्या असंख्य प्रवाशांच्या वाट्याला हेच आले. तथापि, युरोपीय नियमाच्या कक्षेतल्या प्रवासात जेवण, हॉटेलमधील मुक्काम आणि पर्यायी विमान देण्याची जबाबदारी अशा वेळीही टळत नाही. या नियमात बदल करण्याचे प्रस्ताव महासंघात २०२५ मध्ये पुन्हा चर्चेला आले, त्यामुळे प्रवासाच्या तारखेला कोणती तरतूद लागू आहे हे पाहिलेले बरे. ब्रिटनने महासंघ सोडल्यावरही हाच नियम आपल्या कायद्यात ठेवला आणि लांबच्या प्रवासासाठी ५२० पौंड ही रक्कम निश्चित केली. मागणी करण्यासाठी बोर्डिंग पास जपून ठेवावा. आपल्याकडे तो विमानातून उतरताच सीटच्या खिशात सोडून देण्याची पद्धत आहे.

निघण्याच्या दिवशी विमानतळावर लागणारा वेळही वाढला आहे. शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू केली. पासपोर्टावरील शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची प्रतिमा आली. बाहेर पडतानाही नोंद होते. किती दिवस राहिलो याचा हिशेब आता यंत्र ठेवते, तेव्हा व्हिसाच्या मुदतीपेक्षा एक दिवस जरी जास्त झाला, तरी तो नजरेतून सुटेल या भरवशावर राहू नये.

ज्यांनी खरेदी केली आहे त्यांना आणखी एक रांग लावायची असते. महासंघाबाहेर राहणाऱ्या पर्यटकाला वस्तूंवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो, पण त्यासाठी दुकानातून कागद घ्यावा लागतो आणि महासंघ सोडताना कस्टम्सची मोहोर किंवा यंत्रावरची मान्यता मिळवावी लागते. एका दुकानात किमान किती खरेदी हवी हे देशागणिक बदलते; फ्रान्समध्ये शंभर युरोंहून अधिक, इटलीत २०२४ पासून सत्तर युरोंहून अधिक. हॉटेल आणि जेवणाच्या बिलांवर परतावा नाही. वस्तू दाखवा, असे अधिकारी म्हणू शकतो. म्हणून बॅग विमान कंपनीच्या हवाली करण्याआधी हे काम उरकायचे असते. बॅग पट्ट्यावरून आत गेली की कागद हातात असूनही उपयोग नाही. ब्रिटनने पर्यटकांसाठीची ही योजना १ जानेवारी २०२१ पासून बंद केली. लंडनच्या दुकानातून वस्तू हाती घेऊन निघणाऱ्यांना तेव्हापासून परतावा मिळत नाही, हे अजूनही अनेकांना विमानतळावरच कळते.

बॅगांचा विषय निघालाच आहे, तर जोडप्यांनी एक साधी गोष्ट करावी. एकीचे कपडे एका बॅगेत, दुसऱ्याचे दुसऱ्या बॅगेत, अशी सुबक वाटणी न करता दोन्ही बॅगांत दोघांचे थोडे थोडे सामान ठेवावे. एक बॅग मागे राहिली, तरी निदान दोघांकडे औषधे आणि कपडे राहतात. कायद्याच्या बाजूनेही यात तोटा नाही. मॉन्ट्रियल करारानुसार, ज्यात भारत २००९ मध्ये सामील झाला, हरवलेल्या सामानाची भरपाई माणशी मोजली जाते, बॅगेमागे नाही. डिसेंबर २०२४ पासून ही कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर, म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलर आहे. चौघांच्या एका कुटुंबाचे सामान दोन बॅगांत होते आणि त्या हरवल्या, अशा प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये निकाल दिला की, दुसऱ्याच्या नावाने सोपवलेल्या बॅगेत आपल्या वस्तू होत्या हे सिद्ध केल्यास प्रत्येकाला स्वतंत्र मागणी करता येते. बॅग फुटली असेल, तर सात दिवसांत लेखी तक्रार हवी. उशिरा मिळाली असेल, तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. पण खरा पुरावा विमानतळ सोडण्यापूर्वी कंपनीच्या काउंटरवर केलेली नोंद हाच. रात्री दोन वाजता, बाहेर गाडीवाला फोनवर फोन करत असताना, ती नोंद करण्याचा कंटाळा येतो. तो करू नये.

विमानात बसल्यावर येणारा प्रवास जाण्यापेक्षा थोडा लहान असतो आणि हा भास नाही. वातावरणाच्या वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ते येताना पाठीशी असतात. याखेरीज एक मानसिक सवलतही मिळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, अंतर आणि वेळ तितकाच असूनही परतीचा प्रवास लोकांना सरासरी २२ टक्के कमी वेळेचा वाटला. वाट ओळखीची झाली म्हणून असे होते, हा आपला समज त्यात टिकला नाही. वेगळ्या वाटेने परतणाऱ्यांनाही तसेच वाटले. जाताना आपण वेळेचा अंदाज फार कमी धरतो आणि निराश होतो, म्हणून येताना कंटाळ्याची तयारी ठेवून बसतो आणि प्रवास त्या मानाने लवकर संपतो, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. पाय आखडून बसण्याबाबत मात्र सवलत नाही. चार तासांहून लांबच्या प्रवासात शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात म्हटले आहे. मूळ धोका फार थोडा असला, तरी ज्येष्ठांनी अधूनमधून उठून चालावे आणि आधी असा त्रास झालेला असल्यास डॉक्टरांना विचारूनच निघावे.

मुंबईत उतरल्यावर हिरवी वाट की लाल, हा प्रश्न दोघांनी मिळून सोडवायचा नसतो, कारण सीमाशुल्काच्या लेखी नवरा-बायको हे दोन प्रवासी आहेत. सोबत आणलेल्या वस्तूंवरची शुल्कमाफी २०१६ च्या बॅगेज नियमांत माणशी ५० हजार रुपये होती. फेब्रुवारी २०२६ च्या नव्या नियमांनी ती ७५ हजार केली. दोघांची मर्यादा एकत्र करून दीड लाखाचे एक घड्याळ आणता येईल, असे गणित अनेक घरांत मांडले जाते. ते चुकीचे आहे. घड्याळ एकाच्याच नावावर धरले जाईल आणि मर्यादेवरील किमतीवर शुल्क पडेल. मद्य माणशी दोन लिटर. सोन्याच्या दागिन्यांची सवलत परदेशात वर्षाहून अधिक राहून परतणाऱ्यांसाठी आहे; पंधरा दिवसांच्या सहलीत दुबईला घेतलेल्या बांगड्यांना ती लागू नाही. उलट, घरातूनच अंगावर घालून नेलेले भारी दागिने परत आणताना शंका उपस्थित होऊ नये म्हणून जातानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. ॲमस्टरडॅमच्या बाजारात मिळणारे ट्यूलिपचे कंद, रोपे आणि बियाणे हाही वनस्पती संगरोधाच्या नियमांचा विषय आहे. ते न सांगता हिरव्या वाटेने निघून जाणे योग्य नव्हे.

यानंतरचा टप्पा सर्वांत धोक्याचा, आणि त्याचा उल्लेख कोणत्याच सहलपत्रकात नसतो. पुण्या-नाशिकचे प्रवासी मध्यरात्री उतरून लगेच रस्त्याला लागतात. कधी विमानतळाजवळ ठेवलेली स्वतःचीच गाडी असते. सतरा ते एकोणीस तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले होते. पॅरिसला सकाळी सातला उठलेला माणूस मुंबईच्या पहाटे चारला बोरघाट चढत असतो, तेव्हा तो साडेसतरा तास जागा असतो. विमानातील डुलक्यांनी यात फारसा फरक पडत नाही. गाडी दुसऱ्याने चालवावी, तीही झोप झालेल्या माणसाने. नाहीतर पहाट उजाडेपर्यंत मुंबईतच थांबावे.

घरी पोहोचल्यावरचा जेटलॅग जातानाच्या मानाने अधिक का जाणवतो, याचे उत्तर शरीरातील घड्याळात आहे. हार्वर्डमधील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, माणसाचे हे आंतरिक घड्याळ सरासरी चोवीस तास अकरा मिनिटांचे असते. म्हणजे त्याचा कल दिवस लांबवण्याकडे असतो. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि ते त्याला मानवते. पूर्वेकडे येताना दिवस आखडतो आणि ते अडून बसते. भारतात रात्री अकराला अंथरुणावर पडलो, तर शरीराच्या लेखी संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. सकाळी साडेसहाचा गजर होतो तेव्हा शरीरात पहाटेचे तीन असतात. रोज साधारण एक तास या गतीने हे अंतर भरून निघते.

यावर उजेड हे उत्तम औषध आहे, पण त्याची वेळ साधावी लागते. शरीराचे तापमान सर्वांत कमी असते तो क्षण, म्हणजे नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधीचा, उलटून गेल्यावर मिळालेला उजेड घड्याळ पुढे सरकवतो. त्याआधीचा उजेड ते आणखी मागे ओढतो. युरोपात सातला उठणाऱ्याचा हा क्षण मुंबईत साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येतो. म्हणून परतल्यावर पहिल्या दिवशी सहा वाजता बागेत फिरायला जाण्याचा शहाणपणा उपयोगाचा नाही. नऊनंतरचे ऊन घ्यावे, दुपारी फार तर अर्धा तास झोपावे आणि पुढच्या दिवसांत फेरफटका तासा-तासाने अलीकडे आणावा.

कामावर किती दिवसांनी रुजू व्हावे, याचेही उत्तर यातूनच निघते. नेदरलँड्समधील दीड हजार लोकांच्या २०१० मधील पाहणीत, सुट्टीवर जाऊन आलेले लोक परतल्यावर घरी राहिलेल्यांपेक्षा अधिक आनंदी आढळले नाहीत. अपवाद होता तो ज्यांची सुट्टी अतिशय निवांत गेली त्यांचा. रविवारी पहाटे उतरून सोमवारी साडेनऊला कार्यालयात हजर होण्याचा आपल्याकडील रिवाज या निवांतपणाच्या आड येतो. जाण्याच्या बाजूचा एक दिवस कमी करून तो परतीच्या बाजूला ठेवला, तर खर्च वाढत नाही.

उरलेल्या परकीय चलनाचे काम मात्र त्या आठवड्यातच उरकण्याची घाई नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते परतल्यापासून १८० दिवसांत अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचे असते. त्यातील दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नाण्यांना मर्यादा नाही.